बाबासाहेब, परराष्ट्र धोरण आणि एक न पाठवलेला अहवाल

दरवर्षी १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावोगावच्या बुद्धविहारांत आम्हाला बोलायला बोलावले जाते. मंडणगडपासून राजापूरपर्यंत कुठेही जा, वक्ते बहुधा तीन गोष्टी सांगतात. महाडचे चवदार तळे, भारताचे संविधान आणि नागपूरची धम्मदीक्षा. आम्हीही वर्षानुवर्षे हेच सांगत आलो. त्यात चूक काही नाही. पण मागे एका विहारात कार्यक्रम आटोपल्यावर बारावीतल्या एका मुलीने आम्हाला गाठले आणि विचारले, की सर, चीनबद्दल आणि काश्मीरबद्दल बाबासाहेब नेमके काय बोलले होते? मोबाईलवर जे फिरत असते ते खरे आहे का?

आम्ही पेशाने वकील. समोरच्याने हवाला मागितला की तो द्यायचा, ही आमची सवय. त्या रात्री मात्र आम्हाला धड हवाला देता आला नाही. घरी येऊन महाराष्ट्र शासनाने काढलेले बाबासाहेबांच्या भाषणांचे खंड पुन्हा उघडले आणि मग लक्षात आले, की संसदेच्या विरोधी बाकावर बसून देशाच्या परराष्ट्र धोरणाचा पंचनामा करणारे बाबासाहेब आपण जवळजवळ विसरलो आहोत. जे आपण विसरलो, ते इतरांनी उचलले आणि आपल्या सोयीने अर्धे अर्धे कापून वापरायला सुरुवात केली. म्हणून आजचा हा लेख.

सुभेदाराच्या घरातला मुलगा

बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड. वडील रामजी सकपाळ ब्रिटिश फौजेत सुभेदार. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत बाबासाहेबांचा जन्म झाला. रामजी सुभेदार निवृत्त झाल्यावर हे कुटुंब काही काळ दापोलीत राहिले. दापोली हे त्या काळी फौजेतल्या पेन्शनरांचे गाव. माता रमाई त्याच दापोलीजवळच्या वणंदच्या.

हे सांगण्याचे कारण गावाचा अभिमान एवढेच नाही. आपल्या कोकणातल्या महार समाजाचा जगाशी पहिला संबंध आला तो पलटणीतून. परक्या मुलखात लढायला आपला माणूस चालत होता, गावच्या पाणवठ्यावर चालत नव्हता. पुढे १८९० च्या दशकात महारांची फौजभरतीच बंद झाली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली महारांची वेगळी पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर १९२१ साली ती मोडली गेली. दुसरे महायुद्ध आले, तेव्हा १९४१ साली पुन्हा महार रेजिमेंट. गरज असली की बोलवायचे आणि गरज सरली की घरी पाठवायचे, हा हिशोब सुभेदाराच्या मुलाने घरातच पाहिला होता. युद्ध, तह, सरहद्द हे शब्द दिल्लीतल्या बड्या लोकांसाठी नकाशावरचे असतात. बाबासाहेबांसाठी त्यांच्या मागे माणसे होती आणि ती माणसे कोणत्या जातीची, हा प्रश्नही होता.

कोलंबिया विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन अशी त्यांची पुढची वाटचाल सर्वांना माहीत आहे. १९२७ साली ते मुंबई कायदेमंडळात नियुक्त सदस्य म्हणून गेले आणि तिथून जवळजवळ अखेरपर्यंत ते कोणत्या ना कोणत्या सभागृहात होते. आमच्या जिल्ह्याने त्यांचे तिथले काम स्वतः भोगले आहे, चांगल्या अर्थाने. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला, त्यात कोकणातली कुळे होती, महारही होते आणि कुणबीही. विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. पण १९४९ साली खोती नष्ट करणारा कायदा झाला, तेव्हा त्याची वाट कोणी पाडून ठेवली होती, हे आमच्या आजोबांना ठाऊक होते.

घरचा प्रश्न जगाच्या वेशीवर

१९३० साली बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले. अस्पृश्यांचा प्रश्न त्यांनी तिथे जगाच्या वर्तमानपत्रांसमोर ठेवला. त्याबद्दल त्यांना काय काय ऐकावे लागले, याची यादी इथे देत नाही. घरातले उणे बाहेर काढणारा, देशाची बदनामी करणारा, इंग्रजांचा हस्तक. ही विशेषणे आजही जुनी झालेली नाहीत. आपल्यापैकी कोणी परदेशातल्या परिषदेत खैरलांजीचे नाव घेतले, तरी हीच विशेषणे नव्या छपाईत मिळतात.

दुसरे महायुद्ध संपले, संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन झाला. १९४६ साली अमेरिकेतील काळ्या नागरिकांनी आपली कैफियत राष्ट्रसंघाकडे नेली. ही बातमी वाचून बाबासाहेबांनी त्यांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले आणि त्या अर्जाची प्रत मागवली. भारतातल्या अस्पृश्यांचीही तशीच कैफियत न्यावी, असा विचार त्यामागे होता. ड्यू बॉईस यांनी लगेच सहानुभूतीचे उत्तर दिले. अटलांटिकच्या पलीकडचा एक पीडित समाज आणि अलीकडचा एक पीडित समाज एकमेकांची कागदपत्रे पाहून आपला अर्ज तयार करत होते. वकिलाला हे दृश्य फार ओळखीचे वाटते.

त्याच वर्षी भारतानेही एक तक्रार राष्ट्रसंघात नेली होती. दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या भारतीयांना तिथले गोरे सरकार हीन वागणूक देते, ही ती तक्रार. दक्षिण आफ्रिकेने बचाव घेतला की ही आमची अंतर्गत बाब आहे, राष्ट्रसंघाच्या सनदेतील कलम २ चे उपकलम ७ पाहा. भारताने तो बचाव मान्य केला नाही. माणसाला माणूस म्हणून वागवण्याचा प्रश्न कोणत्याही देशाची केवळ अंतर्गत बाब नसतो, ही भारताची तेव्हाची भूमिका. वाचकांनी ती ध्यानात ठेवावी. लेखाच्या शेवटी तिची गरज पडणार आहे.

जे मागे राहिले

१९४६ साली संविधान सभेत बाबासाहेबांना मुंबई प्रांतातून येऊ दिले गेले नाही. जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालच्या आपल्या बांधवांनी त्यांना बंगालमधून निवडून पाठवले. फाळणीत ती जागा गेली आणि जुलै १९४७ मध्ये ते मुंबईतून पुन्हा निवडून आले. ही माहिती आपल्या प्रत्येक भाषणात असते. पण तिच्या पुढचा प्रश्न आपण विचारत नाही. ज्यांनी बाबासाहेबांना संविधान सभेत पाठवले त्या पूर्व बंगालच्या नमःशूद्रांचे पुढे काय झाले?

ते पूर्व पाकिस्तानात राहिले. मंडल पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले आणि १९५० साली राजीनामा देऊन भारतात परत आले, कारण आपल्या माणसांचे तिथे रक्षण होत नाही हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पश्चिम पाकिस्तानात वेगळीच तऱ्हा. कराचीसारख्या शहरांतून बाकीचे हिंदू निघाले, तरी भंगी समाजाच्या लोकांना निघू देत नव्हते. ते गेले तर रस्ते कोण झाडणार? बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये निवेदन काढून आपल्या लोकांना मिळेल त्या मार्गाने भारतात येण्यास सांगितले आणि डिसेंबरात पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. पाकिस्तान अडवते हे त्यात होतेच, पण भारतात पोहोचलेल्या अस्पृश्य निर्वासितांनाही इथल्या छावण्यांत सवर्ण निर्वासितांच्या बरोबरीने घेतले जात नाही, हेही त्यात होते. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना जात तीच होती.

तेव्हा बाबासाहेब कायदामंत्री होते. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मंजूर केले, आज ते अनुच्छेद १७ म्हणून ओळखले जाते. त्यानंतर अकराच दिवसांनी, १० डिसेंबर १९४८ रोजी, राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. आपले कलम जगाच्या जाहीरनाम्याच्या आधीचे आहे, हे आमच्या मुलांना पाठ असायला हवे.

या काळातली एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या स्थितीबद्दल एक अहवाल संयुक्त राष्ट्रसंघाला सादर करण्यासाठी तयार केला होता. तो त्यांनी पाठवला नाही. संविधान सभेला आणि पुढे येणाऱ्या संसदेला हा प्रश्न सोडवण्याची एक संधी द्यावी, असे त्यांना वाटले. ही कबुली त्यांनी स्वतः १९५१ च्या राजीनाम्याच्या निवेदनात दिली आहे.

आंतरराष्ट्रीय कायद्यात एक नियम आहे. परक्या दारात जाण्याआधी घरच्या न्यायव्यवस्थेतले सगळे उपाय करून पाहावे लागतात. ते संपल्यावरच बाहेर दाद मागता येते. बॅरिस्टर आंबेडकरांनी न पाठवलेल्या त्या अहवालात आम्हाला हा नियम दिसतो. त्यांनी भारतीय संसदेला पहिली तारीख दिली. पुढची आठ-नऊ वर्षे ते त्या तारखेला हजर राहिले. संसद किती हजर राहिली, हे आता पाहू.

राजीनाम्याचे निवेदन

सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. ऑक्टोबरात लोकसभेपूर्वीच्या त्या हंगामी संसदेत ते निवेदन करायला उभे राहिले, तेव्हा उपसभापतींनी आधी प्रत दाखवा म्हटले. बाबासाहेबांनी ते मानले नाही, सभागृह सोडले आणि निवेदन वृत्तपत्रांना दिले.

आपण सांगतो की हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी राजीनामा दिला. ते खरे, पण ते सगळे खरे नाही. त्या निवेदनात कारणे अनेक आहेत. मागास जातींकडे झालेले दुर्लक्ष आहे, हिंदू कोड बिलाचा झालेला घात आहे आणि या दोहोंच्या मध्ये परराष्ट्र धोरण आहे. मंत्रिमंडळाच्या परराष्ट्र व्यवहार आणि संरक्षण या मुख्य समित्यांवर आपल्याला कधी घेतलेच नाही, अशी तक्रारही आहे. कायदामंत्र्याला देशाचे शेजारी कोण आणि शत्रू कोण हे ठरवण्याच्या खोलीत प्रवेश नव्हता. संविधान लिहिण्यापुरता तो चालत होता.

परराष्ट्र धोरणाबद्दल त्यांचा मुद्दा कोणालाही समजेल असा होता. देशाचा वार्षिक महसूल सुमारे ३५० कोटी रुपये आणि त्यातले सुमारे १८० कोटी लष्करावर जातात. हा खर्च कशामुळे? आपण जगात मित्र जोडले नाहीत म्हणून. मित्र नाहीत म्हणून फौज, फौज म्हणून खर्च, आणि त्या खर्चामुळे उपाशी माणसाला धान्य देणे आणि कारखाने काढणे मागे पडते. परराष्ट्र धोरणाची किंमत कोणाच्या ताटातून वसूल होते, हे त्यांनी असे रुपयांत मांडले.

पाकिस्तानशी तंट्याची दोन कारणे त्यांनी दिली, काश्मीर आणि पूर्व बंगाल. काश्मीरबद्दल त्यांचे मत सरकारपेक्षा वेगळे होते. हिंदू आणि बौद्ध वस्तीचा भाग भारताकडे आणि मुस्लिम वस्तीचा भाग पाकिस्तानकडे अशी विभागणी करावी, नाही तर निदान भागवार सार्वमत घ्यावे, म्हणजे जम्मू-लडाखच्या लोकांना त्यांच्या इच्छेविरुद्ध ओढले जाणार नाही. आणि सगळे लक्ष काश्मीरकडे असताना पूर्व बंगालमध्ये आपल्या लोकांचे जे हाल चालले आहेत ते अधिक मोठे आहेत, असे त्यांचे म्हणणे. हे मत कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. पण ते कोणाच्या बाजूने उभे राहून मांडले आहे ते पाहा. ज्यांनी त्यांना संविधान सभेत पाठवले, त्यांच्या बाजूने.

एकवीस दिवस

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईतून बाबासाहेब पराभूत झाले. त्यानंतर ते राज्यसभेवर गेले. मे १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा पराभव. शरीर थकलेले, मधुमेह, पाय दुखत. अशा अवस्थेत त्याच वर्षी पावसाळी दिवसांत त्यांनी राज्यसभेत तीन भाषणे केली. पहिले २६ ऑगस्टला, दुसरे ६ सप्टेंबरला, तिसरे १६ सप्टेंबरला. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत एकवीस दिवस. आमच्या मते बाबासाहेबांचे संसदीय कार्य समजून घ्यायचे तर ही तीन भाषणे शेजारी शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. एकटे पहिले वाचणारे त्यांना फक्त चीनविरोधी करून ठेवतात आणि एकटे तिसरे वाचणारे त्यांना फक्त दलितांचे पुढारी.

२६ ऑगस्टचे भाषण परराष्ट्र धोरणावर. त्याच वर्षी २९ एप्रिलला भारत आणि चीन यांच्यात तिबेटविषयी करार झाला होता आणि त्यात पंचशीलाची पाच तत्त्वे घातली होती. सगळीकडे पंचशीलाचा जयघोष चालू होता. बाबासाहेबांनी सभागृहाला सांगितले, की पंचशील हा बुद्धाच्या धम्माचा भाग आहे आणि चीनच्या राज्यकर्त्यांचा त्यावर खरोखर विश्वास असता तर त्यांनी आपल्याच देशातल्या बौद्धांना वेगळे वागवले असते. त्या दिवशी त्यांनी धम्मदीक्षा घेतलेली नव्हती, तिला अजून दोन वर्षे होती. पण आपण रोज सकाळी वंदनेत जे पंचशील घेतो, त्याचे मोल दोन सरकारांच्या करारातल्या शब्दापेक्षा वेगळे आहे, हे सांगणारा त्या सभागृहात एक माणूस तरी होता. प्राणिहिंसा आणि चोरी यांपासून दूर राहण्याचा संकल्प करायचा आणि दुसऱ्याचा देश गिळायचा, हे एकत्र कसे बसणार?

तिबेटवर ते याहून स्पष्ट बोलले. भारताने १९४९ साली चीनच्या नव्या सरकारला मान्यता देण्याऐवजी तिबेटला दिली असती, तर हा प्रश्न उभा राहिला नसता. ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ देऊन पंतप्रधानांनी चीनची सरहद्द भारताच्या सरहद्दीला आणून भिडवली. शांततेच्या नावाखाली एकेक देश बळी देऊन विकत घेतलेली शांतता ही शांतता नव्हे, असे म्हणत त्यांनी पूर्व युरोपातल्या आणि बाल्टिक किनाऱ्यावरच्या गिळल्या गेलेल्या देशांची उदाहरणे दिली. नुकत्याच झालेल्या जिनिव्हा करारात व्हिएतनामचे दोन तुकडे झाले होते, तो संदर्भही ताजा होता.

गोव्याबद्दल त्यांनी जे सांगितले ते आम्हा रत्नागिरीकरांनी नीट ऐकावे. तेव्हा वेंगुर्ले-सावंतवाडी आपल्याच जिल्ह्यात होते आणि तेरेखोलच्या खाडीपलीकडे पोर्तुगीज. बाबासाहेबांचे म्हणणे, की स्वातंत्र्य मिळताच गोवा विकत घेण्याचा किंवा वऱ्हाड जसा निजामाकडून भाडेपट्ट्याने घेतला गेला तसा घेण्याचा मार्ग होता. तेव्हाच लक्ष घातले असते तर लहानशा पोलीस कारवाईतही काम झाले असते. केवळ भाषणे करत राहिल्याने पोर्तुगिजांना तयारीला वेळ मिळाला. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी, लष्करी कारवाईने. मधल्या काळात सत्याग्रही गोळ्या खाऊन पडले, तुरुंगात सडले.

यानंतर अकरा दिवसांनी, ६ सप्टेंबरला, अनुसूचित जाती-जमाती आयुक्तांच्या अहवालावर ते बोलले. विषय जमीन. ज्याच्याकडे जमीन नाही तो गावात कोणाविरुद्ध साक्ष देणार? पडीक जमीन भूमिहीन अस्पृश्यांना द्या, आणि पैसा नाही म्हणत असाल तर मिठावरचा कर पुन्हा बसवा आणि तो निधी गांधींच्या नावाने अस्पृश्यांसाठी वापरा, अशी सूचना त्यांनी केली. मिठाच्या कराचा इतिहास माहीत असलेल्या बाकांवर ही सूचना कशी लागली असेल, वाचकांनी कल्पना करावी.

आणखी दहा दिवसांनी, १६ सप्टेंबरला, अस्पृश्यता (गुन्हे) विधेयक चर्चेला आले. बाबासाहेबांनी आधी नावच धरले. हे नाव बेढब आहे. हा नागरी हक्कांच्या संरक्षणाचा कायदा आहे आणि नावातही तेच दिसले पाहिजे. अस्पृश्याला कोणी दया दाखवत नसून त्याचा हक्क मोडला जात आहे, हा फरक त्यांना नोंदवायचा होता. शिक्षा किरकोळ आहेत, कायद्याला दात नाहीत, हा दुसरा आक्षेप. संसदेने ऐकले नाही. १९५५ साली कायदा जुन्याच नावाने झाला. एकवीस वर्षे गेली आणि १९७६ साली त्याच संसदेने तो कायदा दुरुस्त केला, शिक्षा वाढवल्या आणि नाव ठेवले नागरी हक्क संरक्षण अधिनियम. नावाचा प्रस्ताव कोणाचा होता, हे आजही कित्येक वकिलांना माहीत नसते.

बहिष्काराचेही तेच. १९४७ साली संविधान सभेसाठी तयार केलेल्या राज्य आणि अल्पसंख्याक या मसुद्यात बाबासाहेबांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवण्याची तपशीलवार कलमे दिली होती, ब्रह्मदेशाच्या कायद्यावरून. ॲट्रॉसिटी कायद्यात सामाजिक वा आर्थिक बहिष्कार हा स्वतंत्र गुन्हा म्हणून आला २०१५ च्या दुरुस्तीने. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा २०१६ चा. म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षांनी. कोकणात गावकीने वाळीत टाकलेल्या कुटुंबांची फिर्याद ज्यांनी कधी लिहून दिली आहे, त्यांना ही सत्तर वर्षे म्हणजे काय ते समजते.

कोण काय कापते

पुढे काय झाले ते इतिहासात आहे. मार्च १९५९ मध्ये दलाई लामांना तिबेट सोडून भारतात यावे लागले. ऑक्टोबर १९६२ मध्ये चिनी फौजा हिमालयातून खाली उतरल्या. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ रोजीच गेले होते. आपण खरे ठरलो हे पाहायला ते नव्हते.

सगळेच खरे ठरले असे आम्ही म्हणणार नाही. बाबासाहेबांना देव करणे हे त्यांच्याच शिकवणीविरुद्ध आहे. आग्नेय आशियाच्या ज्या लष्करी कराराला, म्हणजे सिआटोला, भारताने आंधळा विरोध करू नये असे ते म्हणत होते, तो करार ८ सप्टेंबर १९५४ रोजी झाला, पाकिस्तान त्यात गेला आणि १९७७ साली तो गुंडाळला गेला. त्या कराराने व्हिएतनामच्या गरिबांचे भले झाले असे म्हणता येणार नाही. अमेरिकेवरचा त्यांचा विश्वास कोणाला जास्त वाटेल. ही चर्चा आपण मोकळेपणाने केली पाहिजे.

पण चर्चा करायला पूर्ण कागद समोर हवा. आज एक बाजू त्यांची तिबेटची आणि पूर्व बंगालची वाक्ये उचलते आणि त्यांच्या नावावर मुसलमानांचा द्वेष खपवते. त्याच निवेदनातले हिंदू कोड बिल आणि अस्पृश्यांचे हाल मात्र कापून टाकते. दुसरी बाजू साम्यवादावरची त्यांची टीका अडचणीची म्हणून ते भाषणच झाकून ठेवते. दोघेही पुरावा दडवतात. त्या मुलीला आता आमचे उत्तर असे आहे: मोबाईलवर येते त्यातले काही खरे आहे, पण ते पान अर्धे फाडलेले आहे. उरलेले अर्धे तू वाच.

पूर्ण वाचले की एक सूत्र दिसते. कराचीतला झाडूवाला, खुलन्यातला नमःशूद्र, ल्हासातला भिक्खू आणि कोकणातल्या गावकुसाबाहेरचा महार, या चौघांसाठी बाबासाहेबांचा मापदंड एकच आहे. त्याच्यावर राज्य करणारे सरकार त्याला माणूस म्हणून वागवते का? नसेल तर हा आमचा घरगुती मामला आहे असे म्हणून त्या सरकारला सुटता येत नाही. चीनलाही नाही, पाकिस्तानलाही नाही आणि भारतालाही नाही. आमच्या समजुतीप्रमाणे त्यांच्या परराष्ट्र धोरणाचा गाभा हा आहे.

तो अहवाल अजून बाकी आहे

२००१ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे राष्ट्रसंघाची वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली. भारतातून दलित कार्यकर्ते तिथे गेले आणि जातीचा प्रश्न विषयपत्रिकेवर घ्या म्हणाले. भारत सरकारने विरोध केला. जात म्हणजे वंश नव्हे आणि ही आमची अंतर्गत बाब आहे. १९४६ साली दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारने भारताविरुद्ध घेतलेला बचाव पंचावन्न वर्षांनी दक्षिण आफ्रिकेच्याच भूमीवर भारत सरकारने आपल्याच नागरिकांविरुद्ध घेतला! आणखी एक गोष्ट. वंशभेद निर्मूलनाचा जो आंतरराष्ट्रीय करार १९६५ साली झाला आणि ज्याला भारताने १९६८ साली मान्यता दिली, त्याच्या व्याख्येत जन्मकुळावरून होणारा भेद हा शब्द घालण्याची सूचना भारताचीच होती. २००२ साली त्या कराराच्या समितीने स्पष्ट केले, की जातीवरून होणारा भेद त्या शब्दात येतो. भारत सरकारने ते मानलेले नाही.

जे कार्यकर्ते डर्बनला गेले त्यांना देशाची बदनामी करणारे म्हटले गेले, तेव्हा आपल्यातलेही काही जण गप्प बसले. त्यांना आम्हाला एवढेच सांगायचे आहे. राष्ट्रसंघाकडे नेण्याचा अहवाल पहिल्यांदा तयार केला तो बाबासाहेबांनी. त्यांनी तो थांबवला, रद्द केला नाही. संसदेला आधी संधी दिली आणि ती संधी संसद कशी वापरते, हे तपासायला स्वतः त्या बाकावर जाऊन बसले. निवडणूक हरले तरी बसले, पाय चालत नव्हते तरी बसले.

तेव्हा येत्या जयंतीला आमची आमच्या गावशाखांना विनंती आहे. मिरवणूक काढा, निळे झेंडे लावा, पण एक संध्याकाळ या तीन भाषणांसाठी ठेवा. खंड विहारात नसेल तर वर्गणी काढून आणा. विहारातल्या मुलामुलींनी ती मोठ्याने वाचावीत, वडीलधाऱ्यांनी ऐकावीत, आणि आपल्या तालुक्यात गेल्या वर्षात किती ॲट्रॉसिटी नोंदल्या, किती खटले चालले, किती कुटुंबे अजून वाळीत आहेत, याची नोंद त्याच रात्री एका वहीत करायला सुरुवात करावी. अहवाल असाच तयार होतो, गावोगावच्या वहीतून. तो संसदेला द्यायचा की राष्ट्रसंघाला, हे नंतर ठरवता येईल. आधी तो आपल्या हातात असला पाहिजे.

जय भीम!